विषाची परीक्षा आणि परीक्षेचे विष

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पोटात जाऊन वीसहून अधिक बालके दगावली. आधी साधा ताप, साधा खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद, आणि मग मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू. ज्या आयांनी चमचा मोजून, लाडीगोडी लावून ते गोड औषध आपल्या लेकरांना पाजले, त्यांच्या दुःखाला शब्द नाहीत. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने त्या औषधाची तपासणी केली, तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचे विष ४८.६ टक्के आढळले. त्याची ग्राह्य मर्यादा आहे ०.१ टक्का! म्हणजे औषधात भेसळ होती असे म्हणण्यापेक्षा, विषात थोडेसे औषध होते असे म्हणणेच अधिक खरे.

दोषींना कठोर शिक्षा व्हावी, औषध तपासणीची ढिली यंत्रणा घट्ट व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. त्या प्रकरणी कोणाचा किती अपराध, याचा निवाडा न्यायासनासमोर व्हावयाचा आहे आणि आम्ही तो येथे करू इच्छीत नाही. आम्ही विचारतो तो प्रश्न निराळा आहे आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरातील आहे. कारखान्याच्या पिंपापासून बालकाच्या ओठांपर्यंत औषधाची एक बाटली पोहोचते, तेव्हा ती किती सुशिक्षित हातांतून जाते, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. कच्चा माल घेणारा औषधनिर्माता, तपासणी करणारा रसायनज्ञ, दुकानातील फार्मासिस्ट, औषध लिहून देणारा डॉक्टर, ते पाजणारी परिचारिका, रक्त तपासणारा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. यांतील प्रत्येकाने शिक्षणाच्या आरंभी सेंद्रिय रसायनशास्त्राचा आणि जीवरसायनशास्त्राचा थोडाबहुत अभ्यास केलेला असतो आणि त्यात उत्तीर्ण झाल्याचा कागदही प्रत्येकाजवळ असतो. मग ते ज्ञान ऐन वेळी जाते कोठे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. ते जात नाही, कारण बहुतेकांकडे ते आलेलेच नसते! आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आज हे दोन विषय शिकविले जात नाहीत, उरकले जातात. आणि ही उरकाउरकी शैक्षणिक उणीव म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तो रुग्णांच्या जिवाशी चाललेला खेळ आहे.

गोड विषाची वंशावळ

रसायनशास्त्र म्हटले की बिचकणाऱ्या वाचकांना आमची विनंती आहे की, पुढील चार ओळी त्यांनी धीर धरून वाचाव्यात. ग्लिसरीन आपल्या परिचयाचे आहे. तीन कार्बन अणूंची साखळी आणि प्रत्येक कार्बनला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एकेक जोड, ज्याला हायड्रॉक्सिल गट म्हणतात. आपण खातो त्या तुपातेलात तीन मेदाम्लांना एकत्र धरून ठेवणारा कणा हाच. शरीर त्याला ओळखते आणि त्याची साखर बनवून पचविते. त्याचा चुलतभाऊ प्रोपिलीन ग्लायकॉल. कार्बन तीनच, हायड्रॉक्सिल गट मात्र दोन. त्याचे शरीरात लॅक्टिक आम्ल होते आणि तेही शरीराच्या नेहमीच्या व्यवहारात खपून जाते. पातळ औषधांत द्रावक म्हणून तो राजरोस वापरतात.

आता आणखी एक कार्बन कमी करा. दोन कार्बन, दोन हायड्रॉक्सिल गट. हा झाला इथिलीन ग्लायकॉल. याचे यकृतात टप्प्याटप्प्याने ऑक्झॅलिक आम्ल होते आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून मूत्रपिंडात स्फटिक होऊन बसते. असे दोन इथिलीन ग्लायकॉल मधल्या एका ऑक्सिजनने सांधले की झाला डायइथिलीन ग्लायकॉल. यकृतातील विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे एक टोक पकडून त्याचे आम्ल करतात. शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींत साचून त्यांचा नाश करते.

ही चारही भावंडे रंगहीन. चारही कमी-अधिक दाट आणि गोडसर. चारही पाण्यात सहज मिसळणारी. असे का? तर चौघांनाही हायड्रॉक्सिल गट आहेत म्हणून. त्यामुळे डोळ्यांनी, जिभेने किंवा नाकाने त्यांच्यातला देव कोण आणि दैत्य कोण हे ओळखता येणे अशक्य. ते ओळखते ती क्रोमॅटोग्राफीसारखी रासायनिक कसोटी. आणि ती कसोटी लावलीच पाहिजे हे ज्याला कळते, ते रसायनशास्त्राने तयार केलेले मन. औद्योगिक कामासाठी विकले जाणारे डायइथिलीन ग्लायकॉल हे औषधी ग्लिसरीनपेक्षा स्वस्त असते. लोभाला तेवढे निमित्त पुरे होते. अशा वेळी लोभाच्या आड उभे राहणारे ज्ञानच जर पोकळ असेल, तर काय होते हे इतिहासाने एकदा नव्हे, अनेकदा दाखविले आहे.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध मुलांना घेता यावे म्हणून ते याच द्रवात विरघळवून बाजारात आणले गेले. शंभराहून अधिक माणसे मेली. औषध निर्दोष होते, द्रावक घातक होता. आणि त्या काळी तेथे विक्रीपूर्वी विषारीपणाची परीक्षा करण्याची सक्तीच नव्हती. १९३८ साली तेथे नवा कायदा झाला. १९८६ साली आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, मेंदूवरील वा डोळ्यातील दाब कमी व्हावा म्हणून ज्यांना ग्लिसरीन दिले, त्यांपैकी १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. ग्लिसरीनच्या नावाखाली त्यांच्या पोटात हेच विष गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणातील लागेबांध्यांचे जे चित्र रेखाटले, ते वाचून महाराष्ट्राची मान खाली गेली. पुढे २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात दहाहून अधिक बालके. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात, भारतात बनलेल्या पातळ औषधांनंतर, साठाहून अधिक बालके. आणि आता छिंदवाडा. जवळजवळ ९० वर्षे तेच विष, तेच मूत्रपिंड, तोच आक्रोश! ज्या समाजाला एकाच दगडाची इतक्या वेळा ठेच लागते, त्याने दगडाला दोष देण्यापूर्वी आपले डोळे तपासून घ्यावेत.

‘आम्हाला काय करायचे आहे?’

येथे एक व्यवहारचतुर गृहस्थ पुढे सरसावतात. ते म्हणतात, ‘कारखान्यातल्या रसायनज्ञाला हे सगळे आले पाहिजे हे मान्य. पण परिचारिकेला त्याचे काय? तिने इंजेक्शन नीट द्यावे, ताप नीट मोजावा, रुग्णाशी गोड बोलावे. बेंझिनचे कडे आणि ग्लुकोजची साखळी तिच्या डोक्यावर कशाला लादता?’ हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. पण डायइथिलीन ग्लायकॉलही गोडच असते!

परिचारिकेच्या रोजच्या कामातलीच उदाहरणे घेऊ. ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडली आणि शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आंबट वास आला. ज्या मुलीला एस्टर म्हणजे काय हे समजले आहे, तिला तो वास म्हणजे इशारा वाटतो. दमट हवेतील पाण्याने एस्टरचा बंध तोडला, ॲसिटिक आम्ल सुटे झाले, गोळी बिघडली, ती रुग्णाला द्यावयाची नाही. जिने एस्टरची केवळ व्याख्या घोकली आहे, ती बाटलीचे झाकण पुन्हा लावून ठेवते.

लहान मुलांची पेनिसिलिन गटातील औषधे कोरड्या भुकटीच्या रूपात येतात आणि ऐन वेळी त्यांत पाणी घालावे लागते, ते का? त्या रेणूच्या गाभ्यात चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जंतूंना मारण्याची शक्ती त्या कड्यात. पण पाण्याच्या सहवासात ते कडे हळूहळू उघडते आणि शक्ती निघून जाते. म्हणून पाणी घातलेली बाटली थंड जागी ठेवावयाची आणि लिहिलेल्या मुदतीनंतर, ती बहुधा आठवडाभराचीच असते, फेकून द्यावयाची. हे कारण परिचारिकेला कळले तर ती ते खेड्यातल्या आईला पटवून देऊ शकते. न कळले तर ‘बाटलीवर तसे लिहिले आहे’ एवढेच ती सांगते, आणि उरलेले औषध पुढच्या महिन्यातल्या तापासाठी फळीवर जपून ठेवले जाते.

सर्वांत मोठे उदाहरण जलसंजीवनीचे. आतड्याच्या आतील अस्तरात एक वाहक असतो. तो मिठातील सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत नेतो आणि त्यांच्यामागे पाणी जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली हे मांडले. पटकीच्या रोग्यातही हा वाहक शाबूत राहतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातले, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी पिंपांतून पाजण्यास सुरुवात केली आणि ३० टक्क्यांच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. साखर तेथे गोडीसाठी नव्हती. ती मिठाला आत नेणारी सोबतीण होती. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटर पाण्यास ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. ते का वाढवावयाचे नाही? कारण साखर वाजवीपेक्षा जास्त झाली की आतड्यातून पाणी शरीरात जाण्याऐवजी शरीरातील पाणीच आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतो.

एवढे साधे जीवरसायन कळत नसल्यामुळेच आपल्या देशात भरमसाट साखरेची पेये ‘ओ.आर.एस.’ या नावाने वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानांतून खपली आणि जुलाबाने कोमेजलेल्या बालकांना पाजली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने त्याविरुद्ध कित्येक वर्षे एकाकी झुंज दिली, तेव्हा कोठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरण्यास मनाई केली. त्या पेयांच्या खोक्यांवर घटकांची यादी छापलेली होती. ती वाचणारे डोळे हजारो असतील; पण तिचा अर्थ समजून गप्प न बसणारी व्यक्ती एक निघाली. परिचारिकेला आणि फार्मासिस्टला रसायन कशाला, असे विचारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

घोकंपट्टीचा कारखाना

दुसरा आक्षेप असा येईल की, हे विषय अभ्यासक्रमात आहेतच. होय, आहेत! इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ सालच्या सुधारित अभ्यासक्रमात बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात उपयोजित जीवरसायनशास्त्राला ४० तास दिलेले आहेत. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीलाही सेंद्रिय रसायन व जीवरसायन दुसऱ्याच सत्रात येतात. कागदावर कशाचीच उणीव नाही. उणीव आहे ती वर्गात.

आमच्या शेजारची एक मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. रोज सायंकाळी ती गच्चीवर येरझाऱ्या घालीत क्रेब्ज चक्र पाठ करी. सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट... एखाद्या स्तोत्रासारखे तिचे पाठांतर अस्खलित होते. एके दिवशी आम्ही सहज विचारले, ‘बाळ, मधुमेहाचा रोगी अत्यवस्थ होतो तेव्हा त्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, तो कशाचा?’ ती गोंधळली. म्हणाली, ‘काका, तो प्रश्न आमच्या संचात नाही.’ तिला आम्ही दोष देत नाही. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. तिच्या हाती ‘अपेक्षित प्रश्नसंच’ देऊन चाळीस तासांचे शिक्षण आटोपते घेणाऱ्या व्यवस्थेला आम्ही दोष देतो.

तो वास ॲसिटोनचा असतो. इन्शुलिनच्या अभावी पेशींना साखर वापरता येत नाही, यकृत मेद जाळू लागते, आणि त्या ज्वलनाचा जो भार क्रेब्जच्या चक्राला पेलत नाही, त्यातून कीटोन पदार्थ निर्माण होतात. म्हणजे जे चक्र ती मुलगी गच्चीवर फिरवीत होती, तेच चक्र रुग्णाच्या खाटेवर अडलेले असते. पण त्या दोहोंची गाठ तिला कोणी घालून दिलेली नव्हती!

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, आणि ती तर प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी अवश्य ध्यानी धरावी अशी आहे. लघवीतील कीटोन ओळखण्यासाठी रोथेराची चाचणी करतात. जांभळे कडे आले की ‘चाचणी सकारात्मक’ असे वहीत लिहावयाचे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु ज्या तीन पदार्थांना मिळून ‘कीटोन’ म्हणतात, त्यांतील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल हे रचनेने कीटोनच नाही. त्याच्या त्या जागी कीटोन गटाऐवजी हायड्रॉक्सिल गट आहे. म्हणून रोथेराच्या चाचणीला ते दाद देत नाही. आणि मधुमेही रुग्ण अत्यंत गंभीर असतो तेव्हा नेमके हेच आम्ल रक्तात सर्वांत जास्त असते! चाचणी फिकी, रोगी गंभीर, असा प्रसंग त्यामुळे येऊ शकतो. उलट उपचाराने रोगी सुधारू लागला की हे आम्ल पालटून ॲसिटोॲसिटिक आम्ल होते आणि चाचणीचा रंग गडद होतो. अजाण माणूस घाबरून म्हणतो, आजार बळावला. नावात कीटोन, अंगात कीटोन नाही. हा भेद ओळखण्यासाठी एका क्रियात्मक गटाची ओळख पुरेशी आहे. त्यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असू शकते. तरी आमचे शिक्षक त्या दोन रचना फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखविण्याची तसदी किती वेळा घेतात?

ही सारी व्यवस्था परीक्षेसाठी चालते आणि परीक्षा पाठांतरासाठी. गेल्या पाच वर्षांचे प्रश्न, त्यांची तयार उत्तरे, वरच्या वर्गातील मुलांच्या वह्यांवरून उतरवून काढलेले प्रयोग, आणि प्रयोग न करताच मिळणारी शिक्षकांची सही. फी मात्र पूर्ण! काही खासगी संस्थांत प्रयोगशाळेचे कुलूप निरीक्षण समितीच्या आगमनापुरतेच उघडते, हे विद्यार्थ्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. हेच ते परीक्षेचे विष. ते वर्गात हळूहळू भिनते आणि त्याचा परिणाम रुग्णशय्येवर दिसतो.

भाषेची सबब

तिसरी सबब आमच्यासारख्या गावांत हमखास ऐकू येते, आणि ती आम्हाला सर्वांत अधिक झोंबते. ‘मुले मराठी शाळांतून आलेली असतात हो! त्यांना इंग्रजीतले रसायन झेपत नाही; पाठ करून पास होतात हेच पुष्कळ.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडील कितीतरी मुलेमुली दरवर्षी नर्सिंगला, फार्मसीला, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाला जातात. त्यांच्याविषयी त्यांचेच शिक्षक असे उद्गार काढतात, तेव्हा नाचता येईना अंगण वाकडे, या म्हणीची आठवण होते.

इंग्रजी ही या मुलांची अडचण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण कार्बनला चार बंध असतात, ही गोष्ट इंग्रजीत अधिक खरी आणि मराठीत कमी खरी होत नाही. वोलर यांनी १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनविला आणि सजीवाचे रसायन व निर्जीवाचे रसायन यांतील भिंतीला पहिले भगदाड पाडले. ते ज्ञान मुळात इंग्रजांचे नव्हते, जर्मनांचे होते, आणि इंग्रजांनी ते आपल्या भाषेत आणले. वडोदऱ्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली निघालेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने देशी भाषेतून तांत्रिक शिक्षणाचा पाया घातला. हैदराबादेत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकदेखील उर्दूतून शिकवून दाखविले. २०२२ साली भोपाळला वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची जी हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, त्यांत जीवरसायनशास्त्राचे पुस्तक आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

परंतु येथे आपल्याच बाजूच्या भाबड्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. ‘एन्झाइम’ खोडून ‘विकर’ लिहिले आणि तेच पुन्हा घोकावयास लावले, तर त्याने काय साधले? दगड तोच, शेंदूर नवा! मातृभाषेचा उपयोग पाठांतर सोपे करण्यासाठी करावयाचा नसून विचार सुरू करण्यासाठी करावयाचा आहे. विद्यार्थ्याने प्रश्न मराठीत विचारावा, शिक्षकाने कारण मराठीत समजावून द्यावे, आणि मग रुग्णालयात सर्वत्र चालणारा इंग्रजी शब्द त्यावर बसवावा. समजलेल्या गोष्टीला नाव देणे सोपे असते. न समजलेले नाव मात्र केवळ ओझे होऊन राहते.

‘तुम्हाला झेपणार नाही’ हे शब्द आमच्या मुलींना नवे नाहीत. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘स्त्रिया संशोधनास सक्षम नाहीत’ या सबबीवर प्रवेश नाकारण्यात आला होता. आणि नाकारणारे होते साक्षात सर सी. व्ही. रामन! त्या मराठी मुलीने हट्ट सोडला नाही. अपमानकारक अटींवर प्रवेश मिळविला, कामाने रामन यांना आपले मत बदलावयास लावले, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून विज्ञानातील ती पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान संपादन केला. त्यांचा विषय जीवरसायनशास्त्रच होता. बटाट्यात सायटोक्रोम-सी सापडल्याचे त्यांनी दाखविले आणि पुढे मुंबईत नीरेतील पोषक द्रव्यांचा अभ्यास केला, तो कुपोषितांच्या पोटात काही जावे म्हणून. आमच्या मुलींना झेपत नाही म्हणणाऱ्यांनी हे एक नाव आपल्या वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

करावयाचे काय?

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. संस्थाचालकांनी प्रयोगशाळेची कुलुपे काढावीत आणि प्रश्नपत्रिकेतील निदान निम्मे प्रश्न रुग्णाच्या खाटेपासून सुरू करावेत. ‘क्रेब्ज चक्र लिहा’ असे न विचारता, ‘या रुग्णाच्या श्वासाला वास का येतो’ असे विचारावे. शिक्षकांनी पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांना सहासात क्रियात्मक गटांची पक्की ओळख करून द्यावी: हायड्रॉक्सिल, अल्डिहाइड, कीटोन, आम्ल, अमाइन, एस्टर, अमाइड. एवढी सात माणसे ओळखीची झाली की साखर, मेद, प्रथिने आणि केंद्रकाम्ले ही चारही घराणी परकी राहत नाहीत.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही प्रत्येक रेणू स्वतःच्या हाताने कागदावर काढा. त्याला चार प्रश्न विचारा: तुझ्या अंगावर कोणते गट आहेत? तू पाण्यात रमतोस की तेलात? शरीरातले कोणते विकर तुला पकडते? आणि पकडल्यावर तुझे काय होते? या चार प्रश्नांची ताकद पाहा. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. दारूत मिथेनॉल होते. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करते, पुढे त्याचे फॉर्मिक आम्ल होते. ते डोळे घेते आणि प्राणही घेते. उपचार काय? फोमेपिझोल हे औषध देऊन त्या विकरालाच अडवावयाचे, किंवा मोजून मापून साधे इथाइल अल्कोहोल देऊन त्याला त्यातच गुंतवून ठेवावयाचे, म्हणजे विष तसेच न बदलता बाहेर काढता येते. इथिलीन ग्लायकॉलवर इलाज तोच, आणि डायइथिलीन ग्लायकॉल वेळीच ओळखले गेले तर त्यावरही त्याच तत्त्वाचा आधार. एक विकर समजले आणि तीन विषे समजली! घोकणाऱ्याला यासाठी तीन पाने पाठ करावी लागतात आणि ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरली जातात.

पालकांनाही आमचे सांगणे आहे. आपल्या मुलीला नर्सिंगला, मुलाला फार्मसीला घालताना फी किती, वसतिगृह कसे, नोकरी केव्हा, हे सारे आपण विचारता. त्याबरोबर एवढे आणखी विचारा: येथील प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? जीवरसायन कोण शिकवितो? तो प्रश्न विचारू देतो की प्रश्नसंच देतो? आपण हे विचारू लागलो की संस्थांना उत्तर द्यावे लागेल.

रसायन येणाऱ्या परिचारिका आणि फार्मासिस्ट निर्माण झाले म्हणजे उद्यापासून भेसळ थांबेल, असा आमचा भाबडा समज नाही. लोभ कायद्यानेच आवरावा लागतो. पण खोकल्याचे औषध घेतलेल्या दोन मुलांची लघवी एकाच दिवशी बंद झाली, तर ‘यांच्या पोटात एकच बाटली गेली आहे काय?’ ही शंका पहिल्यांदा कोणाच्या मनात यावी? ती येईल खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या, क्रिएटिनिन मोजणाऱ्या तंत्रज्ञाच्या, बाटली हाती घेतलेल्या फार्मासिस्टच्या मनात. ती शंका तिसऱ्या मुलाचा प्राण वाचवू शकते. अशी शंका प्रश्नसंचातून येत नाही. ती समजून केलेल्या अभ्यासातून येते.

वर्गातील परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांनी पुन्हा बसता येते. विषाच्या परीक्षेत नापास झालेल्या बालकाला पुरवणी परीक्षा नसते!